डावीकडचा फोटो

फोन सकाळी अकराच्या सुमारास आला. आमच्या विभागातला तो जुना लँडलाइन आहे. त्यावर समोरच्याचा नंबर दिसत नाही. त्या वेळेला येणारे फोन बहुतेक तक्रारींचे असतात. पेपर उशिरा आला, निधनवार्तेत आडनाव चुकले, राशिभविष्य कालचेच छापले. या माणसाला तक्रार करायची नव्हती.

"पेपरवाला का? तुम्हनी ती सापसनी पुरवणी वाची मी. भलती चांगली शे."

मी आभार मानले. ती पुरवणी मीच लिहिली होती.

"आम्हना घरमा तोच शे ना, कापूसना ढीगमा. डावा हातले छापेल शे तो. काया, पट्टावाला. कवड्या. बिनविषारी शे म्हणीसन मी मारा नही त्याले. उंदरं खास तो. ऱ्हाऊ दिन्हा."

आवाज वयस्कर होता आणि खूश होता. धरणगावच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून आत असलेल्या एका गावाचे नाव त्याने सांगितले. स्वतःचे नाव विचारले तर म्हणाला, "नाना म्हना. बठ्ठा गाव म्हणस." भाव वाढेल म्हणून कापूस अजून घरातच ठेवला आहे आणि राखणीला आपण ढिगाशेजारीच झोपतो, हेही त्याने सांगितले. मग फोन ठेवला.

वाचकाने नेमके काय वाचले ते पाहावे म्हणून मी फाइलमधून ते पान काढले. कौतुक झाले की आम्ही सगळेच असे करतो. डावीकडचा फोटो पाहिला. त्याखाली 'कवड्या (बिनविषारी)' असे छापले होते. फोटो मण्यारीचा होता.

उजवीकडे 'मण्यार (अतिविषारी)' असे लिहून कवड्याचा फोटो होता. पान छापून चार दिवस झाले होते.

पुरवणी माझ्याकडे अपघाताने आली होती. मी पोलीस आणि न्यायालयाच्या बातम्या करतो. उन्हाळी सुट्टीच्या पानासाठी 'सरपटणाऱ्या प्राण्यांची ओळख' हा विषय ठरला तेव्हा पुरवणी सांभाळणारी सहकारी रजेवर होती. हजार शब्द आणि सहा फोटो, असे सांगण्यात आले. माहितीसाठी मी जळगावातल्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत गेलो. प्राध्यापक परीक्षेच्या कामात होते. त्यांनी मला प्रयोगशाळेतल्या परिचरांकडे पाठवले. "त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतं," असे ते म्हणाले. ते विनयाने म्हणत नव्हते.

परिचर पन्नाशीचे होते. बारीक अंगाचे, कमी बोलणारे. कॉलेज सुटले की शहरात निघालेले साप पकडून बाहेर सोडायचे कामही ते करतात. त्यांच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे. मी तिच्याकडे पाहतो आहे हे लक्षात आल्यावर ते म्हणाले, "फुरसं. चूक माझी होती, त्याची नाही."

कपाटाच्या खालच्या फळीवर चार बरण्या होत्या. "चार गट," ते म्हणाले. "मुलांना एवढंच सांगायचं असतं."

पहिल्या बरणीत कासव होते. "कवच म्हणजे त्याचं घर नाही. त्याच्या बरगड्या आणि पाठीचा कणाच आहे तो. कासवाला घरातून बाहेर काढता येत नाही, हे आधी लिहा. पोरं प्रयत्न करतात."

दुसऱ्या बरणीत मगरीचे पिल्लू होते, वीतभर, डोळे पांढरे पडलेले. मगर दिसायला पालीसारखी असली तरी नात्याने पक्ष्यांना जवळची, हृदयाला आपल्यासारखे चार कप्पे, असे त्यांनी सांगितले. तिसरी बरणी सगळ्यांत मोठी होती. तिच्यात पाल, सापसुरळी, बागेतला सरडा आणि एक धामण असे सगळे एकत्र होते. सरडे आणि साप हा एकच गट, आणि जगातले बहुतेक सरपटणारे प्राणी याच गटातले. नुसते पाय नसल्याने कोणी साप ठरत नाही. बिनपायाचे सरडेही असतात. पाल वगैरे सोडल्या तर सरड्याला पापणी असते, बहुतेकांना कानाचे छिद्रही असते. सापाला दोन्ही नाही.

"म्हणून साप झोपलाय की जागा आहे, ते डोळ्यांवरून कळत नाही," परिचर म्हणाले.

चौथ्या बरणीवर चिठ्ठी होती, 'तुआतारा'. आत काहीच नव्हते.

"हा न्यूझीलंडच्या बेटांवर असतो. सरड्यासारखा दिसतो, पण सरडा नाही. त्या घराण्यात एकटाच उरलाय. आपल्याकडे कुठून येणार? पण परीक्षेत चार गट लिहावे लागतात, म्हणून बरणी ठेवलीय."

मी लिहून घेत होतो. कोरडी, खवल्यांची त्वचा. आयुष्यभर फुप्फुसाने श्वास. बहुतेकांची अंडी जमिनीवर. घोणस आणि फुरसे मात्र पिल्लांनाच जन्म देतात. मी 'थंड रक्ताचे' असे लिहिले तेव्हा त्यांनी पेन थांबवले. "तसं लिहू नका. या एप्रिलात उन्हातला साप तुमच्याइतकाच गरम असतो. ते अंगाची ऊब बाहेरून घेतात, एवढंच. आणि ऊन फार झालं की गारवा शोधतात. आपल्या घरांत."

शेवटी त्यांनी दोन लहान बरण्या माझ्यासमोर ठेवल्या. एकीत कवड्या, दुसरीत मण्यार. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यार काळी, चमकदार. तिचे पांढरे पट्टे बारीक आणि जोडीजोडीने, डोक्यापासून बरेच मागे सुरू होतात आणि शेपटीपर्यंत ठळक राहतात. मण्यारीच्या पाठीवर मधोमध मोठ्या, षट्कोनी खवल्यांची एक ओळ असते. कवड्याला ती नसते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज येत नाही, दातांची खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात. घरच्यांना वाटते काहीतरी बाधले.

"इथे चुकू नका," ते म्हणाले. "तुमच्या बाकीच्या बातम्यांना दुसऱ्या दिवशी दुरुस्ती चालते."

त्यांनी मजकूर तपासून दिला. दोन शब्द बदलले. पान मात्र त्यांना दाखवले नाही. छापण्याआधी पान बाहेरच्या माणसाला दाखवायचे नाही, ही आमच्याकडची जुनी रीत आहे, आणि तिचा आम्हाला थोडा अभिमानही आहे.

चूक कशी झाली हे शोधायला पंधरा मिनिटे लागली. संध्याकाळी पान लावून झाल्यावर कूलरच्या दुकानाची जाहिरात आली. ती डाव्या कोपऱ्यातच हवी होती. पान लावणाऱ्या सहकाऱ्याने दोन्ही फोटो वर सरकवले. सरकवताना त्यांच्या जागा बदलल्या, फोटोंखालच्या ओळी जिथल्या तिथे राहिल्या. जागा कमी पडली म्हणून मजकुरातले एक वाक्य मीच काढले. षट्कोनी खवल्यांचे. लहान मुलांना ते अवघड जाईल, असे माझे म्हणणे होते. नंतर पानाची प्रत माझ्यासमोर आली. मी तिच्यातली अक्षरे वाचली, दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि सही केली.

परत फोन करायला नंबर नव्हता. मी परिचरांना फोन केला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "झोपतो कुठे तो?"

पाऊण तासात आम्ही माझ्या मोटारसायकलवर निघालो. मागे ते, हातात लोखंडी आकडी आणि कापडी पिशवी. रस्त्यावर ऊन पांढरे झाले होते. पावसाळ्यात मी दर आठवड्याला दोन-तीन छोट्या बातम्या करतो: अमुक येथील अमुक वयाच्या व्यक्तीचा सर्पदंशाने मृत्यू, अमुक पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद. चार ओळी असतात, फक्त नाव, वय आणि गाव बदलते. गाडी चालवताना ती बातमी माझ्या डोक्यात तयार होत होती. गाव होते. वय अंदाजाने टाकता येत होते. नाव तेवढे राहिले होते.

घर सापडायला अडचण आली नाही. धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छपराचे घर, मातीच्या जाड भिंती, पुढे पत्र्याची पडवी. पडवीत नानांची म्हातारी बायको, अक्का, लसूण सोलत होती. आम्ही पेपरातून आलो असे म्हटल्यावर तिने आधी आकडीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"पेपरवालाच उना का? बरं व्हयनं. आते तुम्हीच समजाडा त्याले. चार दिन व्हयनात, मना खाटला बाहेर शे. हाऊ मानूस मातर मधमा, सापजोडे झोपस. म्हणस, पेपरमा छापेल शे."

"अक्का, ते आहेत कुठे?"

"मधमाच. सापले पेपर वाची दाखाडी ऱ्हायना व्हई."

नाना आत होते. सत्तरीच्या आसपासचे, धोतर आणि बनियन, चष्म्याला दोरी. मला पेपरातून इतक्या लांब आलेले पाहून त्यांनी आधी चहा सांगितला. खोलीचा अर्धा भाग कापसाने भरला होता, छातीइतका उंच. फुटलेल्या सरकीचा वास येत होता. ढिगाला लागून जमिनीवर गोधडी, उशी, पितळी तांब्या. उशीच्या वर, भिंतीवर, आमचे पान पिठाच्या खळीने चिकटवले होते.

मी सांगितले की फोटो चुकीचा छापला आहे. डावीकडचा साप मण्यार आहे, अत्यंत विषारी आहे, तुम्ही इथे झोपू नका.

नानांनी शांतपणे ऐकले. मग भिंतीवरच्या पानाकडे बोट केले.

"हाई तुम्हीच लिखं ना?"

"हो."

"मंग तुम्हीच म्हणतस, बिनविषारी शे."

"लिहिलं ते बरोबर आहे, नाना. फोटो बदलला गेला."

"फोटो बदलना. पन खाले नाव तर शे ना त्यानं?"

"नावच चुकीच्या फोटोखाली गेलं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "छापाना आगोदर किती जन दखतस तुम्हना आफिसमा?"

"पाच-सहा."

"पाच-सहा जनसनी दखं आनि कोनलेच दिसनं नही?"

 वीस वर्षे मी असे प्रश्न दुसऱ्यांना विचारले आहेत. अक्का दारातून म्हणाल्या, "त्यासलेबी चष्मा ली द्या तुम्हना." नानांनी तिकडे लक्ष दिले नाही. मला त्यांची अडचण कळत होती. चार दिवस त्यांनी सगळ्या गावाला सांगितले होते, मारू नका. स्वतः सापाशेजारी झोपून दाखवले होते. आता एक अनोळखी माणूस येऊन तोंडी सांगत होता की ते सगळे खोटे.

 परिचर तोपर्यंत खाली बसून ढिगाच्या कडेला पाहत होते. "कापूस बाहेर काढायला लागेल," ते म्हणाले.

नानांनी नकार दिला. कापूस अंगणात नेला तर धूळ आणि पाला लागेल, मग व्यापारी नाक मुरडेल. आठ-दहा दिवसांत गाडी येणारच आहे, तेव्हा बघू.

निर्णय अक्कांनी केला. त्यांनी लसणाची सुपली बाजूला ठेवली, शेजारच्या दोन बायांना हाक मारली आणि अंगणात जुनी धोतरे अंथरायला लावली. "व्यापारीले मी दखसू," एवढेच म्हणाल्या.

कापसात कोणी हात घालायचा नाही, असे परिचरांनी बजावले. दाताळ्याने ओढायचा, ओढलेला भाग आकडीने पसरायचा, मग चादरीत भरायचा. असे दीड तास चालले. खोलीत पंखा होता, पण कापूस उडतो म्हणून बंद केला. ढीग कमरेपर्यंत आला, मग गुडघ्यापर्यंत. उंदरांनी पोखरलेल्या सरक्यांचा चुरा निघाला. दर वेळी दाताळे आत जाई तेव्हा सगळ्यांचे बोलणे थांबे. नाना दाराशी उभे होते. एकदा म्हणाले, "तो दिवसले निंघस नही." परिचर म्हणाले, "मण्यारही निघत नाही."

साप निघाला नाही. कात निघाली.

उशी जिथे होती तिथून हातभर अंतरावर, ढिगाच्या तळाशी. परिचरांनी ती आकडीवर उचलली आणि दारातल्या उजेडात धरली. सव्वा हात लांब, अखंड, अजून मऊ.

"कातीत रंग नीट उरत नाही," ते नानांना म्हणाले. "खवले उरतात. पाठीची मधली ओळ बघा. बाजूचे खवले लहान आहेत. हे मधले मोठे, सहा कोनांचे. मोजा."

नानांनी चष्मा लावला आणि नखाने एकेक कोन मोजला. दोन खवले मोजले. मग तिसरा.

"अशी ओळ कवड्याला नसते. ही मण्यार."

"हाई छापेल नही," नाना म्हणाले.

"छापलेलं नाही," मी म्हणालो. "वाक्य होतं. मी काढलं."

  भिंतीच्या तळाशी, कापूस होता त्या ठिकाणी, मातीत एक भोक होते, दोन बोटे जातील एवढे. परिचरांनी टॉर्च लावून आत पाहिले. भोक सरळ जाऊन वळत होते. भिंत दोन हात जाड. ते म्हणाले, मण्यार आत असेल किंवा रात्रीच बाहेर गेली असेल. भिंत फोडल्याशिवाय कळणार नाही, आणि भिंत फोडली तर धाबे खाली येईल.

नानांनी गोधडी गुंडाळली नाही. ते पेन घेऊन आले.

"लिखी द्या."

"काय?"

"आते जे तोंडी सांगं ते. आठेच." त्यांनी भिंतीवरच्या पानावर बोट ठेवले. "आनि सही करा."

मी डाव्या फोटोखालची ओळ खोडली आणि 'मण्यार, अतिविषारी' असे लिहिले. उजवीकडे 'कवड्या' लिहिले. खाली षट्कोनी खवल्यांचे वाक्य जसेच्या तसे लिहिले. सही केली, तारीख घातली. भिंत खडबडीत होती, अक्षर वाईट आले. नानांनी ते दोनदा वाचले. मग वाकून गोधडी उचलली आणि पडवीत नेऊन टाकली. अक्का म्हणाल्या, "चार दिन मी बोंबलनू, ते कागदवर नही उनं म्हणीसन खोटं."

चहा पिताना नानांनी सांगितले की पानाच्या दोन झेरॉक्स काढल्या होत्या. एक गावातल्या शाळेच्या भिंतीवर लावली. परिचर उठून गेले आणि ती काढून घेऊन आले. दुसरी नानांनी आपल्या मुलीला दिली होती. ती पिंपळनेरकडे दिलेली. तिच्या सासरी लाकडाफाट्यात साप फार. नानांनी तिथेच फोन लावला. ती म्हणाली, कागद लावला आहे, सासरे शेजाऱ्यांना वाचून दाखवतात.

"तो फाडी टाक."

"का बरं आबा? तुम्हीच तं दिन्हा."

 नानांनी फोन माझ्या हातात दिला. मी सांगितले. तिने विचारले, "मंग दोन्हीमधला कोनता विषारी?" मी म्हणालो, दोन्ही विषारीच समजा, कुठलाही निघाला तरी हात लावू नका, आणि कोणाला चावला तर आधी दवाखाना. ती "बरं" म्हणाली. तिने कागद फाडला की नाही, हे मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापली. आतल्या पानावर, खाली, चार ओळी. दुरुस्तीत फोटो द्यायची पद्धत नाही म्हणून फोटो दिला नाही. मी मागितला होता. पुरवणी किती घरांत कापून ठेवली असेल, याचा हिशेब कोणाकडे नसतो. परिचरांनी पान आणायला सांगितले होते. मी नेऊन दिले. त्यांनी ते घडी घालून चौथ्या, रिकाम्या बरणीत ठेवले. 

नानांनी भिंतीचे भोक माती आणि सिमेंटने बुजवले. कापूस पुन्हा आत भरला, कारण अंगणात वारे सुटले होते. बुजवताना साप आत राहिला की बाहेर, हे कोणी सांगू शकत नव्हते. आता ते आठवड्यातून दोनदा अकरा वाजता फोन करतात. मी त्यांना नंबर दिला आहे, पण ते लँडलाइनवरच करतात. बातमी एकच असते: "निंघना नही. मी बाहेरच शे." मग अक्कांचा आवाज मागून, "सांगा त्यासले, पेपर आते मीच वाचस."

काल फोन आला तेव्हा मागे पत्रा वाजत होता. नाना म्हणाले, दोन दिवस संध्याकाळी वादळ येते. पडवीतल्या दोन्ही खाटा भिजल्या. आज त्या आत घ्याव्या लागतील, दुसरी जागा नाही.

मी म्हणालो, खाटेवरच झोपा, जमिनीवर नको. मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचा. खाट भिंतीपासून लांब ठेवा.

"किती लांब?" त्यांनी विचारले.

खोलीत कापूस किती उरला आहे, असे मी विचारले. ते म्हणाले, गाडी उनी नही, बठ्ठाच शे.